जैसलमेरच्या किल्ल्यात एक दिवस : समूहाने जाणाऱ्यांसाठी



दिवाळी मागे पडून हवेत गारवा आला की राजस्थानची वाट धरणाऱ्या मंडळींची पत्रे येऊ लागतात. त्यांतील प्रश्न वरवर निरनिराळे दिसले तरी मुळाशी एकच अडचण असते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘जैसलमेर किल्ला : अर्धा दिवस’ एवढी एकच ओळ छापलेली असते, आणि त्या ओळीत नेमके काय येते, काय येत नाही, घरच्या वडीलधाऱ्यांना चढ झेपेल की नाही, मुक्काम किल्ल्यातच करावा की खाली गावात, वाटाड्या आयोजकाने द्यायचा की आपण शोधायचा, आणि ठरल्याप्रमाणे दाखवले नाही तर दाद कोणाकडे मागायची, याचा उलगडा पैसे भरून झाले तरी होत नाही.

मी स्वतः प्रथम गेलो तेव्हा आम्ही छत्तीस जण होतो. आदल्या रात्रीचा मुक्काम जोधपुरास होता, आणि सकाळी सावकाश न्याहारी उरकून निघालेली आमची मोटारगाडी किल्ल्याच्या पायथ्याशी लागली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. धापा टाकीत वर गेलो, तर जैन मंदिरांची दारे पर्यटकांसाठी बंद झालेली. आमच्यात चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक होते. त्या मंदिरांतील तोरणे पाहावीत एवढ्या एका इच्छेने त्यांनी ही सहल पत्करली होती. बंद दारासमोरच्या पायरीवर ते दहा मिनिटे नुसते बसून राहिले आणि मग काही न बोलता उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हांला पुढच्या गावी निघायचे होते. त्या दिवसापासून मी सर्वांना एकच गोष्ट सांगत आलो आहे, की जैसलमेरचा दिवस आयोजकाच्या सोयीने लावू नका, किल्ल्याच्या सोयीने लावा. पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

आधी हा किल्ला कोणत्या जातीचा, ते ओळखा

रायगड, राजगड, प्रतापगड पायांखाली घातलेल्या आपल्यासारख्यांच्या मनात किल्ला म्हटला की ओसाड माची, ढासळलेली सदर, टाक्यांतील हिरवे पाणी आणि वारा असे चित्र उभे राहते. जैसलमेर तसे नाही. भाटी कुळातील रावळ जैसल याने लोद्रव्याची जुनी राजधानी सोडून इ. स. ११५६ मध्ये त्रिकूट नावाच्या टेकडीवर हा किल्ला वसवला. तेव्हापासून आजतागायत त्यात माणसे नांदत आहेत. आजही तटाच्या आत तीन-चार हजार लोकांची वस्ती आहे. दूधवाला येतो, मुले शाळेत जातात, संध्याकाळी आरत्या होतात. भोवतालच्या सपाटीपासून टेकडीची उंची सुमारे ७६ मीटर, लांबी सुमारे ४६० मीटर आणि रुंदी तिच्या निम्मी. म्हणजे विस्तार आपल्या मोठ्या गडांच्या मानाने लहानच. तटाची तिहेरी रचना, त्यावर ९९ बुरूज, आणि सर्वत्र तोच पिवळा वालुकाश्म, जो उन्हे कलली की मधासारखा दिसू लागतो. २०१३ साली राजस्थानातील अन्य पाच किल्ल्यांबरोबर याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. आपल्या बारा मराठा किल्ल्यांना तो मान २०२५ मध्ये मिळाला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण इतकेच, की त्यावरून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. पहिली ही, की गाव असल्यामुळे किल्ल्याच्या दरवाजावर प्रवेशशुल्क नाही आणि दरवाजा बंद होण्याची वेळही नाही. शुल्क आहे ते आतील राजवाड्याच्या संग्रहालयास आणि जैन मंदिरांस, व वेळेचे बंधनही त्यांनाच आहे. तेव्हा कोणी ‘किल्ल्याचे तिकीट’ म्हणून रक्कम मागू लागला, तर ते कशाचे तिकीट, हे विचारून पावती हातात घेतल्याखेरीज पैसे देऊ नका. दुसरी ही, की आत सर्व काही अरुंद आहे. दोन माणसे एकमेकांना ओलांडताना खांदा वळवतात अशा गल्ल्या, त्यांत गाई, दुचाक्या, पाण्याचे हंडे. छत्तीस माणसांचा जथा त्यात शिरला की गावाचा रस्ता बंद होतो, हे ध्यानात असू द्या.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चचा पहिला पंधरवडा चालेल. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि तापलेल्या दगडांची धग रात्रीपर्यंत उतरत नाही. शाळेच्या सुट्टीखातर लहान मुले आणि वृद्ध यांना घेऊन त्या दिवसांत जाण्याचा बेत कोणी सुचवील, तर तो स्पष्टपणे नाकारावा. थंडीच्या दिवसांत मात्र उलट फसगत होते. वाळवंट म्हणून सुती कपडे घेऊन गेलेली मंडळी डिसेंबरच्या रात्री अंथरुणात कुडकुडत बसतात. लोकरीचा एक कपडा, कानटोपी आणि पायमोजे आवश्यक.

वेळेच्या बाबतीत एक लहानशी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जैसलमेर देशाच्या अगदी पश्चिम टोकाशी असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तेथे सूर्य साडेसाताच्या सुमारास उगवतो, म्हणजे पुण्याहून जवळजवळ अर्धा तास उशिरा. पुण्याच्या सवयीने सहा वाजता मंडळींना उठवून अंधारात उभे करण्यात अर्थ नाही. मी स्वतः पुढीलप्रमाणे वेळा पाळतो:

- साडेसात ते साडेआठ : गडीसर तलाव. चौदाव्या शतकात रावळ गडसी याने तो बांधून काढला, आणि अनेक शतके सारे गाव त्याच्याच पाण्यावर जगले. किल्ल्यावरही येथून पाणी डोक्यावरून वर जात असे. तो आधी पाहिला म्हणजे वरच्या किल्ल्याचा अर्थ लागतो.
- पावणेनऊ : किल्ल्याचा पायथा. सर्वांत आधी जैन मंदिरे, कारण पर्यटकांना तेथे मुख्यतः सकाळच्या सत्रातच सोडतात. ही वेळ सणावारी व पूजाविधीनुसार बदलते. आदल्या संध्याकाळी माणूस पाठवून किंवा दूरध्वनीने तिची खातरजमा करून घ्या. याला पर्याय नाही.
- साडेदहा ते बारा : राजवाडा.
- बारा ते एक : गल्ल्या, तोफेचा बुरूज, लक्ष्मीनाथाचे मंदिर; मग खाली उतरून जेवण.

यावरून आपल्या ध्यानात येईल, की आदल्या रात्रीचा मुक्काम जैसलमेरातच हवा. जोधपूरहून मोटारीने पाच तासांच्या वर लागतात. त्याच दिवशी निघून त्याच दिवशी किल्ला पाहण्याचा बेत म्हणजे आमच्या बंद दाराची पुनरावृत्ती होय.

इसार देण्यापूर्वी काय लिहून घ्यावे

तोंडी आश्वासनांचा पुढे काही उपयोग होत नाही. आयोजक कितीही परिचयाचा असो, पुढील बाबी कार्यक्रमपत्रिकेत किंवा निदान लेखी संदेशात नमूद करून घ्याव्यात. प्रामाणिक आयोजक त्याला कधीही हरकत घेत नाही.

- किल्ल्यावर पोहोचण्याची वेळ, आणि तेथे घालवायचे तास. ‘अर्धा दिवस’ हा शब्द पुरेसा नाही.
- राजवाडा व जैन मंदिरे यांची शुल्के भाड्यात धरली आहेत काय. छायाचित्रणाचे शुल्क वेगळे असेल तर ते कोणी द्यायचे.
- वाटाड्या शासनमान्य असेल काय, किती माणसांमागे एक, आणि हिंदीत बोलणारा की इंग्रजीत.
- मुक्कामाच्या जागेचे नाव. ‘अमुक किंवा तत्सम’ असे लिहिले असेल तर तत्सम म्हणजे कोणत्या दर्जाचे, आणि किल्ल्याच्या आत की बाहेर.
- वृद्धांना वर नेण्यासाठी रिक्षाची तजवीज.
- सहल आपण रद्द केली, किंवा आयोजकाने केली, तर किती रक्कम किती दिवसांत परत.

शेवटच्या बाबीला या मुलखात विशेष महत्त्व आहे. जैसलमेर हा सरहद्दीचा जिल्हा आहे आणि सीमेवर तणाव निर्माण झाला की प्रवासावर निर्बंध येऊ शकतात. तशा प्रसंगी पैसे परत मिळतील, पुढची तारीख मिळेल की काहीच मिळणार नाही, हे आधी ठरलेले बरे. ओळखपत्राची मूळ प्रत प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावी, आणि ड्रोन उडवण्याचा विचार परवानगीवाचून मनातही आणू नये.

चढ, दरवाजे आणि घरची वडीलधारी माणसे

मोठी मोटारगाडी किल्ल्यापाशी जात नाही. ती दूर उभी राहते, आणि तेथून गोपा चौकापर्यंत चालत किंवा रिक्षाने यावे लागते. ज्या सागरमल गोपांच्या नावाने हा चौक ओळखला जातो, ते स्वातंत्र्यसैनिक १९४६ साली जैसलमेर संस्थानाच्या तुरुंगात जळून मृत्यू पावले. तेथे क्षणभर थांबावे असे मला नेहमी वाटते. चौकातून अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल अशा चार दरवाजांतून वळणे घेत वाट वर चढते (तिकडे दरवाजाला पोल म्हणतात). आपल्या गोमुखी दरवाजांचे तत्त्व येथेही आहे : समोरचा दरवाजा वळण घेतल्याशिवाय दिसत नाही, आणि वळणावर आलेला शत्रू वरच्या तटाच्या माऱ्यात सापडतो. मान वर करून पाहिलेत तर तटाच्या माथ्यावर ओळीने मांडून ठेवलेले दगडी गोळे आणि दंडगोल दिसतील; चाल करून येणाऱ्यांच्या अंगावर ढकलण्यासाठी ते ठेवलेले होते आणि आजही जागच्या जागी आहेत.

परंतु मान वर करण्यापूर्वी पाय स्थिर करा. चढ फार नाही, सशक्त माणसाला पंधरा मिनिटे पुष्कळ. पण वाटेतील फरसबंदी शेकडो वर्षांच्या वहिवाटीने इतकी घोटली गेली आहे की सूरज पोलापुढच्या उतारावर दगड काचेसारखा चमकतो, आणि त्यावर कोणी पाणी सांडले असेल तर चामड्याच्या तळव्याची चप्पल जागच्या जागी निसटते. माझ्यादेखत एका बाईंचे मनगट तेथे मोडले. त्या चढताना सावध होत्या. उतरताना, सर्व पाहून झाले या समाधानात, त्यांचे लक्ष उडाले. म्हणून:

- पादत्राण रबरी, खाचांच्या तळव्याचे असावे, आणि ते सहज काढता-घालता यावे, कारण मंदिरांत ते काढायचे आहे.
- ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रिक्षाने वर, राजवाड्यासमोरच्या दशहरा चौकापर्यंत जावे. वाहनांना वर सोडण्याचे नियम गर्दीप्रमाणे बदलतात. त्या दिवशी काय चालू आहे ते खाली विचारून, भाडे ठरवूनच बसावे.
- राजवाड्यातील जिने उंच पायऱ्यांचे, अंधारे आणि एका वेळी एकालाच जाता येईल असे आहेत, आणि आत जाण्याची व बाहेर येण्याची वाट एक नाही. गुडघेदुखी, दम्याचा विकार किंवा कोंदट जागेची भीती असलेल्यांनी राजवाडा टाळून दशहरा चौकातच बसावे. समोर संगमरवरी सिंहासनाची पायऱ्यांची बैठक आहे, जेथे बसून महारावळ प्रजेला दर्शन देत. तिच्या सावलीत बसून चौक पाहण्यातही सुख आहे. घरच्यांनी त्यांना ‘आलात तर पाहा’ असा आग्रह करू नये.
- शौचालयाची सोय वर तुटपुंजी आहे. मुक्कामावरून निघताना ती गरज उरकूनच निघावे.

एका जथ्याने फिरू नका

छत्तीस माणसांना एक वाटाड्या दिला की पुढच्या आठांना ऐकू येते आणि उरलेल्यांना त्याचा हात हलताना दिसतो. दहा-बारांच्या तीन तुकड्या कराव्यात, प्रत्येकीस स्वतंत्र वाटाड्या असावा, आणि एकीने मंदिरांपासून, दुसरीने लक्ष्मीनाथापासून, तिसरीने गल्ल्यांपासून आरंभ करावा. मात्र बाराच्या आत तिघींची मंदिरे झाली पाहिजेत, हे सूत्र सोडू नये. खर्च थोडा वाढतो, परंतु माणशी पाहिले तर तो दोन वेळच्या चहाहून फारसा अधिक होत नाही, आणि दिवसाची प्रत मात्र पालटते. तुकड्या करताना नवरा-बायको, आजी-नातू यांना वेगळे पाडू नये. चालण्याची गती पाहून पाडाव्यात.

हरवलेल्यांसाठी एकच खूण ठरवून ठेवा : दशहरा चौक. किल्ल्यातील कोणालाही विचारले तरी वाट सांगतो, आणि तेथे आल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

मंदिरे, ज्ञानभांडार, राजवाडा

बाराव्या ते सोळाव्या शतकांत उभ्या राहिलेल्या सात जैन मंदिरांचा हा समुच्चय एकमेकांना जोडलेला आहे. चंद्रप्रभ, पार्श्वनाथ, ऋषभदेव, संभवनाथ, शीतलनाथ, शांतिनाथ आणि कुंथुनाथ अशी त्यांची नावे. वेळ थोडा असेल तर सातही धावत पाहण्यापेक्षा पार्श्वनाथाच्या मंदिराचे तोरण आणि मंडपाचे छत यांनाच अर्धा तास द्या. संभवनाथाच्या मंदिराखालील तळघरात जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात स्थापलेले ज्ञानभांडार आहे. बाहेरच्या आक्रमणांत पोथ्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या या वाळवंटी किल्ल्यात आणून ठेवल्या गेल्या, आणि कोरड्या हवेने ताडपत्रे टिकली. काचेआड मांडलेली ती पाने उघडी असतील तेव्हा अवश्य पाहा.

चामड्याचा कमरपट्टा, पाकीट, पिशवी आत नेऊ देत नाहीत. ती आधीच मुक्कामावर ठेवावीत. अंग झाकलेले असावे. मूर्तींसमोर पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढू नये. ही पूजेतील मंदिरे आहेत, आणि पुजाऱ्याने ‘आता थांबा’ म्हटले तर तिकीट दाखवून हुज्जत घालणे शोभत नाही.

राजवाड्याविषयी फार लिहीत नाही. बरोबर मुले असतील तर छतावर अवश्य जा. तेथून खालचे गाव, तटाचा वेढा आणि त्यापलीकडची रुक्ष सपाटी एका दृष्टिक्षेपात येते.

हे कोणाचे तरी घर आहे

मंदिरांमागच्या गल्लीत शिरलात की घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगवलेले गणपती दिसतील. ती नुसती सजावट नव्हे. ज्या घरात लग्न होते, त्या घराच्या भिंतीवर गणपती रंगवून खाली वधूवरांची नावे आणि मुहूर्ताची तिथी लिहितात. सारे गाव वाचते, आणि तेच निमंत्रण. एका भिंतीवर मी जुन्या, फिकट झालेल्या गणपतीशेजारी ताजा, लाल-पिवळा गणपती पाहिला. दारात बसलेल्या आजीबाईंनी जुन्याकडे बोट दाखवून ‘बेटे का’ म्हटले आणि नव्याकडे दाखवून ‘पोते का’. तेवढ्यात आमच्यातील दोघे त्यांच्या उंबऱ्यावर चढून आतल्या चौकाचे छायाचित्र घेऊ लागले, आणि त्या बाईंनी पदर ओढून तोंड फिरवले. माझ्या मनाला ते आजही लागून आहे.

उंबरा ओलांडू नका. स्त्रियांचे व मुलांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नका. गल्लीत थांबून वाटाड्याचे ऐकायचे असेल तर भिंतीला लागून, एका बाजूला उभे राहा. खाद्यपदार्थांचे कागद खाली टाकू नका.

वाटाडे आणि ‘लपके’

गोपा चौकात उतरताच गोड बोलून मागे लागणारे जे तरुण भेटतील, त्यांना राजस्थानात ‘लपके’ म्हणतात. ते वाटाडे नव्हेत. दुकाने, उंटांच्या फेऱ्या आणि मुक्कामाच्या जागा यांची दलाली हा त्यांचा व्यवसाय. राजस्थान सरकारने २०१० साली पर्यटन-व्यवसायासंबंधी केलेला कायदा अशा उपद्रवालाही लागू आहे. शासनमान्य वाटाड्याजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असते आणि ते दाखवण्यास तो कधीही कचरत नाही. ओळखपत्र पाहा, वेळ व मोबदला आरंभी ठरवा, आणि ‘दुकानात जायचे नाही’ हे आरंभीच सांगा. कशिदा किंवा पिवळ्या दगडाची भांडी घ्यायची असतील तर शेवटी, आपल्या इच्छेने घ्यावीत; आयोजकाची माणसे ज्या दुकानात थांबा घेतात, तेथे खरेदी करण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही.

मुक्काम किल्ल्यात की किल्ल्याबाहेर?

सर्वांत अधिक पत्रे या प्रश्नावर येतात, कारण किल्ल्याच्या आतल्या जुन्या हवेल्यांत राहण्याची कल्पनाच मोहक आहे. बुरुजातली खोली, खिडकीतून वाळवंट, पहाटेची शांतता, हे सारे खरे. तरीही समूहाने जाणाऱ्यांना मी किल्ल्याबाहेर राहण्याचाच सल्ला देतो, आणि त्याचे कारण केवळ सोय नव्हे.

ही टेकडी एकसंध कातळ नाही. वालुकाश्म, माती आणि ठिसूळ थरांची ती बनलेली आहे. जेथे वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस कष्टाने पडतो आणि पाणी हंड्यांनी मोजून वर जात असे, त्या हवामानासाठी हा किल्ला बांधला गेला. नळ आले, न्हाणीघरे आली, मुक्कामाच्या जागा वाढल्या, आणि जुन्या गटारांना न पेलणारे सांडपाणी पायात मुरू लागले. गेल्या काही दशकांत बुरूज आणि तटाचे भाग कोसळले. जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव १९९६ पासून एकाहून अधिक वेळा आले. आणि २०२४ च्या पावसाळ्यातही तटाचा एक भाग ढासळला. गटारांची दुरुस्ती झाली आहे, तरी छत्तीस माणसांनी दोन दिवस आत राहून सकाळ-संध्याकाळ स्नाने करायची म्हणजे त्याच पायात पाणी ओतण्यासारखे आहे. तेथील रहिवाशांना राहणे भाग आहे, आपल्याला नाही.

सोयीची बाजूही याच पारड्यात पडते : सामान गल्ल्यांतून हमालाकरवी न्यावे लागते, रात्री कोणी आजारी पडला तर वाहन दारापर्यंत येत नाही, आणि एका जागी सर्वांना खोल्या मिळत नाहीत. किल्ल्यातील लोकांच्या उपजीविकेला हातभार लावावा असे वाटत असेल, आणि तसे वाटणे योग्यच आहे, तर सकाळचा चहा आत घ्या, वाटाड्या आतला ठरवा. मुक्काम मात्र खाली, किल्ला समोर दिसेल अशा ठिकाणी करा. कारण किल्ला दिसतो तो बाहेरून.

दुपार, संध्याकाळ, आणि काय जोडू नये

जेवणात केर-सांगरीची भाजी आणि शेवटी घोटुवां लाडू हवेत. दोन ते चार विश्रांती. मग ज्यांना उत्साह असेल त्यांनी पटवांच्या हवेल्या पाहाव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका व्यापारी घराण्याने बांधायला घेतलेल्या या पाच वाड्यांचे दगडी कोरीवकाम तासभर खिळवून ठेवते. सूर्यास्ताला व्यास छत्रीपाशी असावे. तेथून अख्खा किल्ला तांबूस होत होत विझताना दिसतो. सत्यजित राय यांनी १९७४ साली आपल्या चित्रपटासाठी ‘सोनार केल्ला’ (म्हणजे सोन्याचा किल्ला) हेच नाव का निवडले, ते त्या वीस मिनिटांत कळते.

याच दिवसाला समची वाळू जोडण्याचा आग्रह आयोजक धरतात. सम गाव चाळीस किलोमीटरवर आहे, आणि सूर्यास्त एकच असतो. दोन्ही ठिकाणचा साधत नाही. दुसरा दिवस असेल तर वाळूचा बेत त्या दिवशी ठेवा आणि कुलधऱ्याचे ओसाड गाव वाटेत पाहा. सरहद्दीजवळची तनोट आणि लोंगेवाला ही ठिकाणे तर त्याच दिवशी मुळीच नकोत. तनोट एका बाजूने सुमारे १२० किलोमीटर आहे. तो स्वतंत्र दिवसाचा प्रवास आहे.

ठरल्याप्रमाणे झाले नाही तर

प्रवासात काही उणेअधिक व्हायचेच. गाडी नादुरुस्त होते, मंदिर अचानक बंद असते. त्यासाठी कोणी कोणावर फिर्याद करू नये. परंतु लिहून दिलेला वाटाड्या दिला नाही, ठरलेल्या दर्जाचा मुक्काम बदलला, शुल्के भाड्यात धरूनही पुन्हा वसूल केली, तर ती कायद्याच्या भाषेत सेवेतील त्रुटी आहे आणि तिची भरपाई मागण्याचा आपल्याला हक्क आहे. क्रम असा ठेवावा:

१. तेथल्या तेथे लेखी कळवा. समूहप्रमुखाला मोबाइलवर संदेश पाठवा : काय ठरले होते, काय झाले, वेळ व तारीख. भांडण नको, नोंद हवी. शुल्काच्या पावत्या आणि बदललेल्या खोलीचे छायाचित्र ठेवा.

२. तातडीची अडचण असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा १३६३ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हिंदीत बोलता येते. फसवणूक, धमकी किंवा अपघात असेल तर ११२.

३. परतल्यावर आयोजकाला मागणीपत्र द्या. रक्कम आकड्यांत लिहा आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते, त्याचाही उपयोग होतो.

४. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रार आपण जेथे राहता किंवा काम करता तेथील आयोगापुढे दाखल करता येते. आयोजकाची कचेरी दुसऱ्या शहरात आहे किंवा घटना राजस्थानात घडली, म्हणून तिकडे खेटे घालण्याचे कारण नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. समूहातील अनेकांची कैफियत एकच असेल, तर आयोगाच्या अनुमतीने सर्वांच्या वतीने एकाला ती मांडता येते. तेव्हा परतीच्या गाडीतच कोण मांडणार ते ठरवून, सर्वांच्या सह्यांचा कागद करून घ्यावा.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. तोवर कार्यक्रमपत्रिका, इसाराची पावती आणि राजवाड्याच्या तिकिटाचा तो लहानसा कागद एकाच लखोट्यात जपून ठेवावा.